भावाकडून घेतलेला दीड गुंठा

बाबा,

पत्रात मोठ्यांना तुम्ही लिहायचं असतं, पण जिवंतपणी तुला कधी तुम्ही म्हटलं नाही, आता कशाला मान वाढवू. तिसरीत तू मला शाळेतून काढलीस, त्यामुळे अक्षर असं आहे. तू काही वाचायला येणार नाहीस, तेव्हा त्याचीही अडचण नाही. सांगायचं एवढंच की ठाण्याच्या कोर्टात उभं राहून मी तुझ्याबद्दल साक्ष दिली. केस तुझ्या दोन मुलग्यांची, तुझ्या खाडीकाठच्या जमिनीवरून. त्यात मीही होते, कारण केस चालू असतानाच मी त्यातला दीड गुंठा धाकट्याकडून विकत घेतलेला आणि त्यावर घर बांधलेलं. त्या घरात मी, मुलगा, सून आणि नात राहतो. मी साक्षीत काय बोलते त्यावर ते घर राहायचं की जायचं हे ठरणार होतं. तू गेलास त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, आणि सगळं येऊन अडकलं ते तू एका दुपारी केलेल्या कामावर. म्हणून तुलाच लिहिते.

ती दुपार मला अजून दिसते. मी पहिलटकरीण, सातवा लागलेला, कोपरीहून माहेरी आलेली. भावांचं उघाडीवरून वाजलेलं असतं. खाडीचं पाणी शेतात घ्यायची-सोडायची ती लाकडी फळी, ती कोणी उचलायची यावरून. दादा म्हणतो मी थोरला, मी उचलणार. धाकटा म्हणतो काल तूच उचललीस. भाताचं कोणाला पडलेलं नाही, फळी उचलली की जाळ्यात जी कोलंबी येते तिच्यासाठी दोघे एकमेकांच्या अंगावर जातात. तू मिठागरावरून येतोस, पोटऱ्यांवर चिखल वाळून पांढरा झालेला, आणि दोघांना मिळून एकच शिवी घालतोस. म्हणतोस, "चला, आज वाटूनच टाकतो." आई आत तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, सुकटीचं कालवण उकळतंय, ती म्हणते आधी जेवा. तू म्हणतोस, जेवलो की राग उतरेल, मग परत राहील ते तसंच.

आणि मग तू मिठाची टोपली माझ्या डोक्यावर देतोस. सात महिन्यांच्या गरोदर पोरीच्या. दोन धडधाकट मुलगे बाजूला उभे होते, पण त्यांच्यातल्या एकाने टोपली धरली तर दुसरा म्हणेल त्याने रेघ आपल्याकडे ओढून घेतली, म्हणून मी. बांधावरच्या भेंडीच्या झाडापासून उघाडीपर्यंत तू सरळ चालत गेलास, माझ्या टोपलीतून मूठ मूठ घेऊन खाली सोडत. मला म्हणालास, "मिठावर भात येत नाय. नवा बांध पडेपर्यंत ही रेघ कोणाला पुसता येणार नाय." भेंडीकडून उघाडीकडे तोंड केलं की उजवीकडचं दादाचं, डावीकडचं धाकट्याचं, उघाडी दोघांची आणि कोलंबी आईची. हे शेवटचं ऐकून आई आतून हसली. दादा म्हणाला, कागद करूया. तू म्हणालास, "तलाठ्याला कशाला घरात घेतोस, तो जेवून जाईल आणि नाव चुकवून जाईल." झालं तुझं वाटप. सातबारा होता तसाच राहिला.

तेव्हा मी विचारलं, "बाबा, माझी रेघ कुठे?" गमतीत विचारलं की मनापासून, ते आज सांगता येणार नाही. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "तुझी रेघ कोपरीला. तिकडं जाऊन मार." दोघे भाऊ, जे घटकाभरापूर्वी एकमेकांचा गळा धरायला निघालेले, ते एकत्र हसले. उरलेलं मीठ तू फडक्यात बांधून मला दिलंस, सासरी घेऊन जा म्हणून. सासूने ते लोणच्याला वापरलं. तुझ्या जमिनीतून मला मिळालेलं तेवढंच.

तू गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, भावांचं आणि माझंही नाव चढलं. आई गेली तसे दोघे भाऊ रिक्षा घेऊन कोपरीला आले. तेव्हा त्यांच्यात बोलणं होतं. मला निबंधकाच्या कचेरीत नेलं, हक्कसोडावर सही घेतली, दादाने पोपटी साडी दिली, धाकट्याने हॉटेलात जेवायला घातलं. बहिणीने हक्क सोडला की माहेर राहतं, असं आमच्याकडे सगळ्याच म्हणायच्या आणि सगळ्याच सह्या करायच्या. मी काही वेगळी नव्हते. साडीचा रंग दुसऱ्या धुण्यालाच गेला, ते मी दादाला सांगितलं, तो म्हणाला मिठाच्या पाण्यात भिजवायची होतीस.

पुढचं तू बघितलं नाहीस ते बरं. आपल्या दिवा गावात आता भात शोधून सापडणार नाही. डंपर आले, ठाण्या-मुंबईकडच्या पाडलेल्या बिल्डिंगींचा राडारोडा आणून तुझ्या शेतात ओतला, रोडरोलर फिरवला. नवा बांध तू पुढच्याच वर्षी घातलेलास, तो भरावाखाली गेला, भेंडी गेली, उघाडी गेली. वर चाळी, मग चार माळे, मग सात माळे. धाकट्याने आपल्या बाजूचं तुकड्या तुकड्याने विकलं. डावीकडचं संपलं तसा म्हणायला लागला की बाबांनी वाटप कधी केलंच नाही, सातबारा बघा, दोघांचं नाव एकत्र आहे, जे उरलंय त्यातही अर्धं माझं. दादा कोर्टात गेला. तिथून दोघांचं बोलणं बंद. एकाच्या घरची हळद असली की दुसऱ्याच्या घराला कुलूप. मी दोन्हीकडे जाऊन जेवून यायची.

मग कोपरीची आमची बिल्डिंग धोकादायक ठरली. तुझा जावई तोवर गेलेला. खोलीचे जे आले ते आणि माझ्या पाटल्या मोडून काय घ्यावं याचा घोळ चाललेला, तेव्हा धाकटा आला. "बाय, परक्याला कशाला देऊ, तू घे. घरातलं घरात." मुलाने सातबारा काढला, त्यावर केसबिस काही नाही, स्वच्छ. नात आता कॉलेजात आहे, कायद्याची दोन पुस्तकं वाचते आणि मला विचारते, "आजी, तेव्हा निबंधकाकडे सर्च का नाही काढला?" अगं, भावाकडून घेताना सर्च काढतात का? भाकरी मागून घेताना पीठ चाळून बघतं का कोणी? केस चालू आहे हे माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. मला वाटायचं ती त्या दोघांची भांडणं, मी बहीण आहे, मी पैसे मोजले आहेत, माझ्यापर्यंत कशी येतील. खरेदीखत रीतसर नोंदवलं. ओल येते म्हणून मुलाने ते लॅमिनेशन करून आणलं, शिक्क्यासकट. वकीलबाईंनी ते हातात घेतलं आणि डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "आजी, हे आता कागद नाही, ताट आहे."

ह्या वकीलबाई ठाण्याला कोर्टाच्या मागे बसतात. वय माझ्या सुनेएवढं. त्यांनी मला जे समजावलं ते मी तुलाही समजावते, कारण तुझ्या काळात हे नव्हतं, किंवा असेल, तू तलाठ्यालाच घरात घेत नव्हतास. त्या म्हणाल्या, "तुमची खरेदी खोटी नाही. पण दावा चालू असताना घेतलेली आहे. म्हणजे भावाच्या ताटात जेवढं आहे तेवढंच तुमच्या ताटात. निकाल त्याच्यावर लागला की तुमच्यावरही लागला, जशा काही तुम्ही पहिल्या दिवसापासून केसमध्ये होतात." मी म्हटलं, मला नव्हतं माहीत असं सांगितलं तर? त्या म्हणाल्या, "तुमच्या दादांनी केस घातली तेव्हाच दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवून ठेवलीय. ती वाट बंद आहे." दादा हुशार, बाबा. कागद करूया म्हणणारा तोच होता.

त्यांनी अर्ज करून मला केसमध्ये घेतलं. कोर्टात बोलायचा हक्क मिळाला, पण वेगळं काही बोलायचा नाही, धाकट्याची बाजू तीच माझी. मी म्हटलं, "म्हणजे पैसे मी दिले आणि तोंड त्याचं?" त्या म्हणाल्या, "अगदी तसंच." मग त्यांनी मोजणीचा नकाशा पसरला. वाटप झालंच नाही असं ठरलं, तर कोर्ट आता नव्याने वाटप करील. तेव्हा मला मागता येईल की माझं घर जिथे उभं आहे तो दीड गुंठा धाकट्याच्या हिश्श्यात टाका. घर बांधलेलं बघून कोर्ट बहुतेक ऐकतं. पण तुझ्या हातचं वाटप झालेलं ठरलं, तर भेंडी आणि उघाडी जोडणारी जी रेघ दादाच्या वकिलाने नकाशावर लाल पेनाने मारलीय, तिच्या उजवीकडे माझं घर येतं. म्हणजे ती जागा धाकट्याची कधी नव्हतीच, त्याने मला विकली काय आणि न विकली काय. मग मी फक्त त्याच्याकडून पैसे मागू शकते. "त्याच्याकडे काय आहे?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, गाडी आहे, तीही हप्त्यावरची.

"त्या दिवशी तिथे कोण कोण होतं?"

"आईबाप, दोघे भाऊ आणि मी."

"भाऊ आपापलंच बोलणार. उरलात तुम्ही." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मी तुम्हाला खोटं बोला असं सांगत नाही, आजी. पण तुम्ही पिंजऱ्यात चढलातच नाहीत तर कोणी विचारणार नाही."

महिन्याभरात दादाच्या वकिलाने कोर्टाकडून मलाच साक्षीचं समन्स काढलं.

धाकटा त्याच आठवड्यात निवट्या घेऊन आला. तू आणायचास तसलीच खाडीतली मासळी, जिवंत, पिशवीत उड्या मारणारी. ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाला, "बाय, तुला काय सांगायला नको." मी म्हटलं, सांगायला नको तर निवट्या कशाला. तो हसला. त्याला अजून हसायला येतं, दात तीनच राहिलेत. सुनेला म्हणाला, "तुझी सासू म्हातारी झाली गं, तिला कालचं आठवत नाय." मी म्हटलं, "तुझ्या बारशाला तू किती रडलास तेही आठवतं." तो गेल्यावर नात म्हणाली, "आजी, एक शब्द तर आहे. 'आठवत नाही.' हे खोटंसुद्धा धरत नाहीत कोर्टात." सुनेने त्या दिवशी माझ्यासाठी वेगळा, कमी तिखटाचा रस्सा केला. सून अशीच बोलते.

दादाकडे मी गेले. अठ्ठ्याहत्तरचा झालाय, ऐकू कमी येतं, पण जमिनीचं सगळं ऐकू येतं. वहिनीने पाणी दिलं. मी म्हटलं, "दादा, मी खरं सांगितलं तर माझ्या घराचं काय करशील?"

"आधी सांग."

"आधी नाही. आधी ते सांग."

"मी तुला घे म्हणून सांगितलेलं?"

"देतो असंही कधी म्हणाला नाहीस."

वहिनी म्हणाली, "चहा टाकू ना?" आम्ही दोघे एकदमच नको म्हणालो. मी उठले. दारापर्यंत आला तो, आणि म्हणाला, "तू त्याच्याकडून घ्यायला नको होतीस. माझ्याकडे मागायचीस." हे मागायचीस म्हणणं त्याला आता सुचलं. पोपटी साडी दिली तेव्हा सुचलं नाही.

कोर्ट म्हणजे तुला वाटत असेल तसं काही नसतं. पंखा आवाज करतो, माणसं फायली घेऊन उभी असतात, जज एक लहानशी बाई, सर्दी झालेली. शपथ घातली. दादाच्या वकिलाने विचारलं, तुमच्या वडिलांनी हयातीत जमीन वाटून दिली होती का? मी बाकावर बघितलं. दादा एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला, मधे नात बसलेली, ती मान हलवत नव्हती पण हलवल्यासारखीच बसलेली. मी म्हटलं, हो. कशी? मिठाने. जजबाईंनी वर बघितलं. मी सगळं सांगितलं, भेंडीपासून उघाडीपर्यंत, कोण कुठल्या बाजूला, टोपली कोणाच्या डोक्यावर. वकिलाने विचारलं, इतक्या वर्षांनी इतकं नेमकं कसं आठवतं? मी म्हटलं, तुमच्या डोक्यावर मीठ ठेवून चालवलं असतं तर तुम्हालाही आठवलं असतं. लोक हसले. माझ्या वकीलबाई सोडून.

बाहेर आल्यावर सगळ्यांना वाटलं, म्हातारी सत्यवचनी निघाली. दादाच्या सुनेने तर पाया पडून घेतलं. तुला म्हणून सांगते, तसं काही नाही. खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, रेशनच्या दुकानात, शाळेत, तुझ्या जावयाशी. शपथेलाही मी फार भ्यायले नव्हते. पण "बाबांनी वाटप केलंच नाही" असं म्हणायचं म्हणजे ती दुपार झालीच नाही म्हणायचं. मग तू मला जे बोललास तेही झालं नाही. बाबा, ते मी पन्नास वर्षांवर सांभाळलंय. धाकट्याला मी सगळं देईन, पैसे दिलेच, पण तुझ्यावरचा माझा राग त्याच्या केससाठी सोडून देऊ? तो माझा आहे. त्यावर माझं एकटीचं नाव आहे.

निकाल दादाच्या बाजूने लागला. वकीलबाई म्हणतात अपील करता येईल, पण तुमच्या स्वतःच्या साक्षीवर तुम्हीच अपील करणार, तेव्हा मला फार आशा दाखवता येणार नाही. मुलगा दोन दिवस जेवायला बसला की ताट घेऊन आत जायचा. आता बाहेर बसतो. नात एवढंच म्हणाली, "बरोबर केलंस, पण मला विचारलं असतंस तर नको म्हटलं असतं." दादाने निरोप धाडला की तू आहेस तोवर राहा, मी काढत नाही. मी स्वतः गेले आणि म्हटलं, लिहून दे. मी मेल्यावर ह्या पोरांना किती दिवस, तेही लिही. तो म्हणाला, "बाबांनी कुठे लिहून दिलेलं?" आणि आत निघून गेला. म्हणजे आता पुन्हा तोंडचाच मामला. वहिनी तेवढी ऐकायला होती, आणि ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. मुलगा आता कल्याणच्या पुढे भाड्याच्या जागा बघतोय. रविवारी दोन बघून आला, एकीत पाणी नाही, दुसरीत पाणी आहे पण तिसरा माळा आणि जिना अर्धवट. मी म्हटलं, माझं काय, मी चढेन, उतरायची घाई नाही.

एक राहिलं. घरात सगळे म्हणतात धाकट्याने मला फसवलं. मी सगळ्यांना हेच सांगत आले की भराव पडल्यावर कुठली बाजू कोणाची हे कळायला मार्ग नव्हता, नकाशा बघितला तेव्हा कळलं. ते खरं नाही. जागा मापायला आम्ही दोघंच गेलो तेव्हा धाकटा स्वतः म्हणाला होता, "बाय, हे रेघेच्या पलीकडचं हाय, दादाकडचं. अलीकडे माझं काय उरलं नाय. मागून मला बोल लावू नको." भराव पडला असला तरी मला कोणी सांगायची गरज नव्हती, मी ती वाट डोक्यावर ओझं घेऊन चाललेली. मला दादाच्या अंगणासमोर माझं दार हवं होतं. हक्काने मिळत नाही तर विकत, आणि ते दादाला कळेल असं. मी म्हटलं, "ठाऊक आहे. माप."

हे कोर्टाने विचारलं नाही, आणि घरात मी सांगितलं नाही. धाकट्यानेही कोणाला सांगितलं नाही, आणि त्याला आमच्याकडे आता कोणी दार उघडत नाही. सून त्याला रोज शिव्या घालते, माझ्या सासूला लुबाडलं म्हणून, अगदी मनापासून, मला बरं वाटावं म्हणून. मी भाजी निवडत असते. तिला थांबवत नाही.